जुन्या लढाऊ विमानांचे फोटो: आधी नंबर वाचा, मग कॅमेरा उचला

दिल्लीच्या पालम संग्रहालयात किंवा गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन आलेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एक ठरलेला फोटो असतो. नाकासमोर घरची मंडळी, मागे अर्धा पंख, शेपूट चौकटीबाहेर. आठवण म्हणून तो झकास. पण ते विमान कोणतं, कोणत्या स्क्वाड्रनचं, कुठे लढलेलं, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. त्यापुढे एक पाऊल टाकायचं असेल, हातात साधा डीएसएलआर, मिररलेस किंवा बऱ्यापैकी मोबाइल असेल आणि सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल, तर पुढचं वाचा.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ‘ग्नॅट विमानाचा फोटो’ असं काही नसतं. फोटो असतो तो अमुक नंबरच्या एका ग्नॅटचा. हे एकदा डोक्यात बसलं की कुठे उभं राहायचं, कशावर फोकस करायचा, घरी आल्यावर काय शोधायचं, हे सगळं आपोआप ठरत जातं.

विमानं कुठे आहेत

पालमच्या हवाई दल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धापासूनची विमानं आहेत: स्पिटफायर, हरिकेन, लायसँडर, टेम्पेस्ट, चार इंजिनांचं लिबरेटर बॉम्बर. शिवाय जपानचं ओका, म्हणजे आत्मघाती हल्ल्यासाठीच बनवलेलं रॉकेट-विमान. स्वातंत्र्यानंतरची व्हॅम्पायर, तुफानी, मिस्टेअर, ग्नॅट, मारुत हीसुद्धा तिथेच. पहिल्या भेटीत सगळं टिपायच्या भानगडीत पडू नका. तीन विमानं निवडा, बाकीची नुसती पाहा.

बोगमाळोचं संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. दाबोळी विमानतळापासून ते अगदी जवळ आहे आणि विमानं उघड्यावर उभी असल्याने नवशिक्याला सोयीची. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, फायरफ्लाय, व्हॅम्पायर आणि तीन शेपट्यांचं अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मारुत आहे, पुण्यात घोरपडीच्या युद्धस्मारकात मिग-२३. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर टीयू-१४२ हे नौदलाचं टेहळणी विमान अख्खं ठेवलंय आणि त्याच्या पोटात शिरून पाहता येतं. संग्रहालयांचे सुट्टीचे वार वेगवेगळे असतात, सोमवारी तर बरीच बंद. निघण्याआधी खात्री करा.

परवानगी: हा भाग गाळू नका

पालमचं संग्रहालय हवाई दलाच्या तळावर आहे. बोगमाळोच्या शेजारी ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा चालू तळ आहे. संग्रहालयातल्या विमानाचे फोटो काढणं वेगळं आणि कुंपणापलीकडे लेन्स वळवणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू होऊ शकतो आणि ‘मी हौशी आहे’ हे तिथे उत्तर ठरत नाही. हे आपल्याकडेच असतं असंही नाही. २००१ साली ग्रीसमध्ये कालामाता इथल्या हवाई कार्यक्रमाला गेलेल्या ब्रिटिश आणि डच विमानवेड्यांना हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली होती. पुढे अपिलात ते सुटले, पण मधले महिने गेलेच.

म्हणून दारावर सरळ विचारा: कॅमेरा चालेल का, ट्रायपॉड चालेल का, कोणत्या दालनात मनाई आहे? पहाऱ्यावरच्या जवानाने ‘इकडे नको’ म्हटलं की हुज्जत न घालता कॅमेरा खाली. ड्रोन घरीच ठेवा.

पहिलं काम: नंबर वाचणं

विमानासमोर पोचल्यावर कॅमेरा गळ्यात राहू द्या आणि भोवती एक फेरी मारा. मागच्या बाजूला, शेपटीच्या आसपास नंबर रंगवलेला असतो. भारतीय हवाई दलाच्या नंबरांतली सुरुवातीची एक-दोन अक्षरं बहुतेकदा प्रकार सांगतात: हंटरला बीए, कॅनबेराला आयएफ, मारुतला डी, मिग-२१ ला सी, ग्नॅटला ई. नौदलाच्या विमानांवर आयएन आणि पुढे तीन आकडे. हा नंबर वहीत लिहा आणि त्याचा जवळून एक फोटो काढा. मग माहितीफलकाचा एक. हे दोन फोटो कुणाला दाखवायचे नाहीत, पण घरी आल्यावर सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच होतो.

मग पंखांवरचं आणि अंगावरचं गोल चिन्ह पाहा, त्याला राउंडेल म्हणतात. त्यावरून काळ ओळखता येतो. १९४२ नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या विमानांच्या राउंडेलमधला लाल रंग काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा आणि घाईत आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडण्याची भीती होती. त्यामुळे हरिकेनवर नुसतं निळं-पांढरं चिन्ह दिसलं, तर रंग त्या आघाडीचा आहे असं समजा. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र होतं आणि १९५० पासून आजचं केशरी-पांढरं-हिरवं चिन्ह आलं.

पण रंगावर लगेच विश्वास नको

नवशिके इथे हमखास फसतात. जुन्या विमानावरचा रंग आणि नंबर त्याचाच असतो असं नाही.

हवाई दलाकडे डकोटा हे जुनं वाहतूक विमान उडत्या अवस्थेत आहे, ‘परशुराम’ नावाचं. ते ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ साली भारतात आलं. त्यावर नंबर आहे व्हीपी ९०५. पण हा नंबर २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा. त्या विमानाच्या सन्मानार्थ तो या दुसऱ्या विमानावर रंगवला आहे. फोटोखाली ‘हेच विमान १९४७ ला श्रीनगरला उतरलं’ असं लिहिलं की झाली चूक. आणि अशी वाक्यं समाजमाध्यमांवर पसरायला वेळ लागत नाही.

ब्रिटनच्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट’ या जुनी युद्धविमानं उडवणाऱ्या तुकडीतलं लँकेस्टर बॉम्बर पीए ४७४ हे याचंच मोठं उदाहरण. ते १९४५ साली तयार झालं, जपानविरुद्धच्या मोहिमेसाठी. तोवर युद्धच संपलं. पुढे त्याने आफ्रिकेवरून उडत जमिनीचं सर्वेक्षण केलं, म्हणजे ते बॉम्बर असून काही वर्षं फोटोच काढत होतं! आज त्याच्यावर युद्धात लढलेल्या वेगवेगळ्या लँकेस्टरांची चिन्हं रंगवतात. चिन्हं खरी, इतिहास खरा, पण तो या विमानाचा नाही. उलट त्याच तुकडीतलं स्पिटफायर पी ७३५० मात्र १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ लढाईत प्रत्यक्ष उडालेलं आहे.

एकाच विमानाचे तीन जन्मही असू शकतात. बोगमाळोचं सुपर कॉन्स्टेलेशन एअर इंडियाकडे होतं तेव्हा त्याचं नाव ‘रानी ऑफ एलोरा’, आपल्या वेरूळवरून. मग ते हवाई दलाकडे गेलं आणि १९७६ मध्ये नौदलाकडे, सागरी टेहळणीसाठी. आज त्यावर आयएन ३१५ दिसतो. तुमच्या नोंदीत तिन्ही जन्म यायला हवेत.

म्हणून वहीत तीन रकाने करा: मला काय दिसलं, फलकावर काय लिहिलंय, मी स्वतः काय पडताळलं. तिसरा रकाना कित्येकदा महिनोन्महिने रिकामा राहतो. राहू द्या.

उभ्या विमानाचे फोटो

आता कॅमेरा. पहिला फोटो ओळखीचा: बाजूने, पूर्ण विमान, नाकापासून शेपटीपर्यंत, नंबर वाचता येईल असा. मोबाइलची वाइड लेन्स इथे वापरू नका, त्यात नाक भोपळ्याएवढं आणि शेपूट काडीएवढी दिसते. जितकं मागे जाता येईल तितकं जा आणि ५० ते ७० मिमीवर काढा. अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) एफ/८, म्हणजे पंखाच्या टोकापासून शेपटीपर्यंत सगळं नीट येतं.

दुसरा फोटो समोरून तिरका. इथे कॅमेऱ्याची उंची महत्त्वाची. ग्नॅट हे अगदी ठेंगणं विमान, पंखांची लांबी जेमतेम पावणेसात मीटर. उभ्याने काढलं तर ते खेळण्यासारखं दिसतं. गुडघ्यावर बसा, लेन्स नाकाच्या पातळीला आणा, आणि मग पाकिस्तानच्या सेबर या लढाऊ जेट विमानांच्या वैमानिकांना हे चिमुकलं विमान हवेत दिसणं का अवघड जात असेल ते चौकटीत कळतं. खरा आकार दाखवायचा असेल, तर शेजारी एक माणूस उभा करा. घरची मंडळी इथे कामी येतात.

तिसरे फोटो जवळचे, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. बोगमाळोच्या सी हॉकपाशी वाकून पाहा. हवा आत घेणारी तोंडं पंखांच्या मुळाशी आहेत आणि जळका वायू बाहेर टाकणारी नळकांडीसुद्धा शेपटीत नसून पंखांच्या मागच्या मुळाशीच, दोन्ही बाजूंना एकेक. पंखावर मध्येच एक आडवी फट दिसेल. विमानवाहू नौकेच्या पोटात जागा कमी, म्हणून पंख तिथे दुमडायचे. शेपटीखालचा हूक नौकेवर ताणलेल्या तारेत अडकायचा आणि विमान थांबायचं. ही फट आणि हा हूक एका चौकटीत आणता आले, तर ४ डिसेंबर १९७१ ला ‘विक्रांत’वरून उडून कॉक्स बझारवर हल्ला करणारं विमान कसं असेल, हे न सांगता कळतं. शेजारच्या अलिझेचं पोट पाहा, पाणबुड्या शोधणारं रडार तिथून खाली उतरायचं. चाकांसाठी पंखांवर केलेल्या फुगीर भागांत पाण्यात टाकायची श्रवणयंत्रं भरलेली असायची.

रिव्हेटच्या रांगा, रंगाचे पोपडे, इंजिनाखालचे तेलाचे ओघळ, दारावरच्या बारीक सूचना: हे सगळं टिपा. पण दोरी ओलांडू नका, पंखाला टेकू नका, आणि पोराला चाकावर बसवून फोटो काढायचा मोह आवरा.

प्रकाशाचं म्हणाल, तर संग्रहालयं उघडतात तेव्हा ऊन वर चढलेलं असतं. पंखांखाली काळीकुट्ट सावली आणि वर पांढरा रंग जळलेला, असं होतं. रॉ फॉरमॅटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, पांढरा भाग जळणार नाही इतकं एक्स्पोजर कमी ठेवा, सावल्या नंतर उजळता येतात. शेवटचा तासभर थांबता आलं तर उत्तम. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसाला नाक मुरडू नका. सगळीकडे सारखा मऊ उजेड पडतो आणि ओल्या पत्र्यावर रंग खुलतात. फक्त आकाश चौकटीत कमी घ्या.

पोलरायझर फिल्टर पत्र्यावरची चकाकी कमी करतो, पण कॉकपिटवरच्या पारदर्शक छताचा फोटो काढताना तो फिरवून पाहा. ॲक्रिलिकमधल्या ताणांमुळे त्यात इंद्रधनुषी पट्टे उमटतात. नको असतील तर फिल्टर काढूनच टाका.

हँगरच्या आत

आतला उजेड कमी आणि मिश्र: कुठे ट्यूबलाइट, कुठे दारातून येणारं ऊन. फ्लॅश बंद. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० करा, कठड्याला कोपरं टेकवा, श्वास सोडून बटण दाबा. लागोपाठ तीन काढले की एक तरी स्थिर निघतो. विमानं दाटीने उभी असतात, त्यामुळे पूर्ण विमान येणार नाहीच. नाक, कॉकपिट, शेपूट असे तुकडे घ्या. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

ओकासमोर जरा थांबा. ते यंत्र परत यायचं नाही असं ठरवूनच बांधलेलं होतं. त्याच्यासमोर बोटं दाखवून सेल्फी काढणारे दिसतात, मला ते बघवत नाही.

उडत्या विमानांचे फोटो

आपल्याकडे जुनी विमानं उडताना क्वचित दिसतात: ८ ऑक्टोबरचा वायुसेना दिन, कधी बंगळूरच्या येलहंकाचं एरो इंडिया. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींची मात्र चैन आहे. केंब्रिजजवळचं डक्सफर्ड आणि बेडफर्डशरमधलं ओल्ड वॉर्डन या दोन ठिकाणी उन्हाळ्यात जुनी विमानं नेमाने उडतात.

पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानाचा पहिला नियम: शटर स्पीड कमी ठेवा. शेकडा नव्वद नवशिके १/२००० वर काढतात आणि पंखा थिजलेला येतो, जणू विमान आकाशात टांगलंय. साधं गणित आहे. स्पिटफायर किंवा डकोटाचा पंखा मिनिटाला साधारण हजार फेऱ्या घेतो. १/१००० सेकंदात तो जेमतेम ६ अंश फिरतो, १/१२५ मध्ये ४८ अंश. पात्यांची छान धूसर चकती हवी असेल, तर १/१२५ च्या आसपास यावं लागतं. सुरुवातीला १/२५० ठेवा, हात बसला की खाली या. जेटला पंखाच नाही, तिथे १/१००० किंवा अधिक बिनधास्त.

कमी शटरवर विमान धूसर येऊ नये म्हणून पॅनिंग, म्हणजे विमानाबरोबर कॅमेरा वळवणं, करावं लागतं. पाय खांद्याइतके फाकवून, विमान जिथे सगळ्यात जवळ येणार त्या दिशेला तोंड करून उभे राहा. कमरेतून वळून आधीच त्याला चौकटीत पकडा, त्याच वेगाने वळत राहा, बटण दाबतानाही थांबू नका, दाबल्यावरही वळत राहा. कंटिन्युअस फोकस (हलत्या वस्तूवर सतत टिकणारा) आणि बर्स्ट मोड (लागोपाठ फोटो) लावा. फोकसचा बिंदू कॉकपिटवर, पंख्यावर नाही. घरी बसून याचा सराव होत नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून जाणाऱ्या एसटीवर करा, एसटीचे चालक मनावर घेत नाहीत.

पांढरं आकाश कॅमेऱ्याला फसवतं आणि विमान नुसती काळी छायाकृती होऊन येतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) +०.७ ते +१.३ करा. लेन्स ७०-३०० पुरते, सुरुवातीला महागडी घेऊ नका. आणि विमान वळण घेतं तेव्हा त्याची पाठ दिसते, तो क्षण पकडा. पोटाचे फोटो सगळेच काढतात.

घरी आल्यावर: विमानामागचं युद्ध

नंबर हाताशी असला की शोध सुरू करता येतो. ‘भारत-रक्षक’सारख्या संकेतस्थळांवर हौशी अभ्यासकांनी वर्षानुवर्षं खपून विमानांच्या नोंदी गोळा केल्या आहेत. स्क्वाड्रन कळली की लढाई कळते, लढाई कळली की माणसं. पालमच्या हरिकेनचा फोटो १९४४ च्या इम्फाळला जोडा, तिथे अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली स्क्वाड्रन हरिकेनमधून शत्रूची टेहळणी करत होती. टेम्पेस्ट पाहिलं की १९४७-४८ चं काश्मीर आणि त्या मोहिमेत महावीर चक्र मिळालेले, पुढे हवाई दलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर आठवायला हवेत. ग्नॅटसमोर निर्मलजित सिंग सेखों, १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र.

जागेचाही इतिहास असतो. बोगमाळोला उभे असाल, तर शेजारच्या दाबोळी धावपट्टीवर १८ डिसेंबर १९६१ ला कॅनबेरांनी बॉम्ब टाकले होते हे लक्षात ठेवा. गोवा मुक्तीच्या त्या मोहिमेसाठी हवाई दलाने पुणे आणि बेळगावजवळचं सांबरा हे तळ वापरले. धावपट्टी फोडली, पण विमानतळाच्या फरसबंद जागेत उभी असलेली दोन प्रवासी विमानं मुद्दाम वाचवली. त्यातलं एक पोर्तुगीज सुपर कॉन्स्टेलेशन. रात्री फुटक्या धावपट्टीवरूनच दोन्ही विमानं उडाली आणि कराचीला पोचली. आज तिथून जवळच त्याच जातीचं आपलं विमान उभं आहे.

कोणताही आकडा एकाच बाजूचा घेऊ नका. २२ नोव्हेंबर १९७१ च्या बोयराच्या हवाई लढाईत ग्नॅट विमानांनी तीन सेबर पाडल्याचा भारताचा दावा आहे, पाकिस्तान दोन मानतो. ग्नॅटच्या गन कॅमेऱ्याने टिपलेली सेबरची चित्रं तेव्हा खूप गाजली. बंदुकीबरोबर चालणारा हा कॅमेरा वैमानिकाचा दावा तपासण्यासाठीच बसवलेला असायचा. तरी आकड्यांवर एकमत नाही! कॅप्शनमध्ये दोन्ही आकडे द्या आणि कोणता कुणाचा ते लिहा.

कॅप्शन आणि जतन

त्याच रात्री कॅप्शन लिहा. आठवड्याने दोन व्हॅम्पायरमधला फरक कुणाला आठवत नाही. क्रम असा ठेवा: प्रकार, नंबर, ठिकाण, तारीख, आणि नंबर दुसऱ्या विमानाचा असेल तर तसा स्पष्ट उल्लेख. उदाहरणार्थ, ‘डकोटा, व्हीपी ९०५ या नंबरात रंगवलेलं.’ एवढ्या एका शब्दाने वाचणारा फसत नाही. फाइलच्या नावातच नंबर घाला, म्हणजे पाच वर्षांनीही शोधता येईल.

एडिटिंगमध्ये उजेड, सावली, कड सरळ करणं एवढं पुरे. मागचा विजेचा खांब पुसलात तर फार बिघडत नाही, पण विमानावरची खूण, डाग, नंबर यांना हात लावायचा नाही. फोटो जुना वाटावा म्हणून पिवळट करण्याची फॅशनही नको, उद्या कुणीतरी तो १९७१ चाच समजून पुढे पाठवेल.

मूळ रॉ फाइली दोन ठिकाणी ठेवा. उघड्यावरच्या विमानांचं खाऱ्या हवेने रूप बदलत जातं, दर काही वर्षांनी नवा रंग चढतो आणि त्यात कधी नंबर बदलतो, कधी चिन्ह चुकतं. म्हणून त्याच विमानाकडे पुन्हा जाल तेव्हा आधीच्याच जागेवरून, त्याच बाजूने एक फोटो नक्की काढा. दोन्ही शेजारी ठेवून नंबर, राउंडेल आणि स्क्वाड्रनचं चिन्ह ताडून पाहा. फरक दिसला तर संग्रहालयाला दोन्ही फोटोंसह एक ईमेल टाका.